समोरून छान दिसतं

हायडेलबर्गची खरी अडचण कुणी आधी सांगत नाही. तिथली प्रत्येक बघण्यासारखी गोष्ट समोरच्या डोंगरावरून छान दिसते. म्हणजे किल्ला बघायचा तर नदीपलीकडचा डोंगर चढा, जुना पूल बघायचा तर किल्ला चढा, आणि खालीच उभं राहून मान वर करून बघत बसलात तर सोबतचे म्हणतात इथून काय दिसणार, वर चल. मधून नेकार नदी, दोन्ही अंगाला डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत गाव, त्यात १३८६ सालापासूनचं विद्यापीठ, जर्मनीतलं सगळ्यात जुनं. एवढ्या हुशार लोकांनी सहाशे वर्षांत सपाटीवरून दिसेल असं काहीतरी उभं करायला काय हरकत होती?

आम्ही गेलो चौघं. मी, बायको, माझी आत्या आणि बायकोचा भाचा. भाचा फ्रँकफुर्टला आयटीत आहे, आमचं जर्मनीतलं राहणं, जेवण, तिकिटं सगळं त्याच्या जिवावर, त्यामुळे त्याला उलट बोलायची कुणाची टाप नव्हती. अपवाद आत्या. आत्या सत्तरी ओलांडलेली, भोरकडच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेली, कुलदैवत खंडोबा, आणि चढ दिसला की त्याला जेजुरीच्या मापाने मोजल्याशिवाय पाऊल उचलत नाही. भाच्याने शनिवार-रविवारचा प्लॅन एक्सेलमध्ये केलेला, रंगीत. हिरवं म्हणजे बघायचं, पिवळं म्हणजे खायचं. हिरवंच जास्त होतं. चढ कुठल्याच रंगात नव्हता.

सुरुवात बरी झाली. हाउप्टश्ट्रासं म्हणून मुख्य रस्ता आहे, दीडेक किलोमीटर सरळसोट, गाड्यांना बंदी, दोन्हीकडे दुकानं. आणि सपाट! तिथे एका चौकात रॉबर्ट बुन्सेनचा पुतळा आहे. आम्ही आपले आइस्क्रीमच्या दुकानाकडे बघत पुढे निघालो होतो, आत्या मागेच राहिली. वळून बघतो तर पुतळ्यासमोर उभी आणि डोळे भरलेले. "अरे बर्नरवाला हा. चाळीस पोरांच्या वर्गाला याचं चित्र काढून दाखवायचे मी फळ्यावर, निळी ज्योत, पिवळी ज्योत, हवेचं भोक. आमच्याकडे बर्नर कुठला, स्पिरिटचा दिवा होता, तोसुद्धा इन्स्पेक्शनच्या दिवशी." मग तिने समोरच्या इमारतीवरची पाटी भाच्याकडून वाचून घेतली, की बुन्सेन आणि त्याचा सहकारी किरशॉफ यांनी ज्योतीच्या रंगरेषांवरून मूलद्रव्य ओळखायची जी पद्धत काढली, ती किरशॉफने १८५९ मध्ये इथे सूर्य-ताऱ्यांना लावली, आणि मग आम्हा तिघांची तिथेच फूटपाथवर तोंडी परीक्षा झाली. बायकोला सोडियम पिवळं हे आलं. मला काहीच आलं नाही, पण आत्याने तशी अपेक्षाही ठेवली नव्हती.

पुतळ्याशी बराच वेळ गेल्यामुळे तहान लागली आणि तिथून पाण्याचं प्रकरण सुरू झालं. बायकोने दुकानातून चार बाटल्या आणल्या. आत्याने घोट घेतला आणि चेहरा असा केला की दोन बायका थांबून बघायला लागल्या. पाण्यात गॅस. चारही बाटल्यांत. भाचा म्हणाला, आजी, इथे लोकांना असंच आवडतं, आणि तुम्हाला नको असेल तर हॉटेलातलं नळाचं पाणी एकदम पिण्यासारखं असतं. आत्याने विचारलं नळ कुठाय. नळ बाथरूममध्ये. विषय संपला. मोरीतलं पाणी ती पुण्यात पीत नाही, जर्मनीत कशाला पिईल. मी आपलं वातावरण हलकं करायला म्हणलं, आत्या, तुझ्या बुन्सेननेच असल्या खनिज पाण्यातून नवीन मूलद्रव्य शोधलं होतं ना, भाचा मगाशी फोनवर वाचत होता. तर हो म्हणाली, सीझियम, १८६०, ड्युर्कहाइम गावचं पाणी, चव्वेचाळीस हजार लिटर आटवलं त्यांनी. आणि बाटलीचं झाकण घट्ट लावत म्हणाली, "आटवलंच. प्यायलं नाही."

आता ती बाटली टाकूनही देता येत नाही, कारण असल्या एकदाच वापरायच्या प्रत्येक प्लॅस्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट डिपॉझिट असतं. रिकामी बाटली सुपरमार्केटातल्या मशिनमध्ये घातली की पैसे परत. हे भाच्याने सांगायला नको होतं. आत्याने पंचवीस गुणिले चार केलं, एक युरो झाला, त्याला शंभरने गुणून रुपये केले, आणि त्या क्षणापासून त्या चार बाटल्या आमच्या ट्रिपच्या मेंबर झाल्या.

शनिवारी दुपारी विद्यार्थ्यांची जेल बघितली. जुन्या विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत, अर्थात वरच्या मजल्यावर. पूर्वी विद्यार्थ्यांना शिक्षा पोलीस नाही तर विद्यापीठच करायचं, आणि १७७८ पासून १९१४ पर्यंत, रात्री दारू पिऊन आरडाओरडा केला, कुणाची डुकरं सोडून दिली, तलवारी काढून द्वंद्व खेळले, असल्या उद्योगांसाठी पोरांना इथे काही दिवस ते चार आठवडे कोंडायचे. कोंडायचे म्हणजे काय, लेक्चरला बाहेर सोडायचे, आणि सुरुवातीचे ब्रेड-पाण्याचे दिवस उलटले की बाहेरून जेवण मागवता यायचं. पोरांनी खोल्यांना ग्रँड हॉटेल, पॅले रॉयाल अशी नावं ठेवली आणि भिंती, छत, जिन्याची बाजू, एक इंच मोकळा न ठेवता टोप्या घातलेल्या स्वतःच्या आकृत्या, नावं आणि तारखा काजळीने आणि रंगाने भरून टाकल्या. पुढेपुढे म्हणे एकदा तरी आत जाऊन आल्याशिवाय शिक्षण पूर्ण झालं असं कुणाला वाटायचंच नाही. माझी बायको म्हणाली आपल्याकडे बाकावर नाव कोरलं तर पालकांना बोलावतात आणि इथे तिकीट लावलंय. आत्या मात्र शिक्षिकेच्या नजरेने एकेक भिंत तपासत होती आणि शेवटी म्हणाली, अक्षर चांगलं आहे हो सगळ्यांचं.

संध्याकाळी जुन्या पुलावर माकड. ब्राँझचं, १९७९ मध्ये बसवलेलं, हातात आरसा. आरशाला हात लावला तर पैसा येतो, त्याच्या बोटांना लावला तर तुम्ही हायडेलबर्गला परत येता, आणि शेजारी छोटे उंदीर आहेत त्यांना लावला तर भरपूर पोरंबाळं. माकडाचं डोकं पोकळ आहे आणि त्यात स्वतःचं डोकं घालून फोटो काढायचा असतो, त्यासाठी रांग. आत्याने भाच्याचा हात धरून उंदरांवर ठेवला, तो तिशीचा आणि लग्नाचं नाव काढत नाही. मी बोटांना हात लावणार एवढ्यात बायकोने माझा हात ओढून आरशावर ठेवला. म्हणाली परत यायला आधी ते लागतं.

रविवारी खरी परीक्षा. सकाळी गावभर चर्चच्या घंटा आणि सगळी सुपरमार्केटं बंद. जर्मनीत रविवारच्या विश्रांतीला थेट राज्यघटनेचं संरक्षण आहे, त्यामुळे तक्रार करायची तर कुणाकडे. बाटल्या परत करायच्या राहिल्या त्या राहिल्याच, आत्या त्या कापडी पिशवीत घालून निघाली. दोन रिकाम्या, दोन अर्ध्या.

किल्ल्यावर जायला दोन रस्ते. एक बेर्गबान, म्हणजे डोंगराच्या उतारावरून दोराने ओढत वर नेणारी रेल्वे, १८९० पासून चालू आहे. दुसऱ्या रस्त्याने पायऱ्या, ३१५. भाचा म्हणाला गाडीला रांग आहे, पायऱ्यांनी पाच मिनिटांचं काम. भाच्याची पाच मिनिटं हे एक वेगळंच माप आहे, त्याचा घड्याळाशी संबंध नाही. आत्या पहिल्या वळणावर थांबली. जेजुरीला नवलाख पायरी म्हणतात, पण तिथे कमानी आहेत, दीपमाळा आहेत, भंडारा उधळतोय, टप्प्याटप्प्याला लिंबू सरबत मिळतं, माणूस कसा नादात चढतो, आणि इथे काय तर भिंत. मग तिने स्वतःच "येळकोट येळकोट" अशी आरोळी ठोकली आणि मी सवयीने "जय मल्हार" म्हणलं. वरून एक म्हातारं जर्मन जोडपं उतरत होतं, ते अजिबात न दचकता "मॉर्गन" म्हणून निघून गेलं. पुढच्या प्रत्येक वळणावर येळकोट झाला. धापा टाकत वर पोचलो, तिकीट काढलं, आणि तिकिटावरच्या माहितीतून कळलं की त्यात गाडीने वर येणं आणि खाली जाणं दोन्ही धरलेलंच होतं. कुणी काही बोललं नाही. भाचा फोनमध्ये नेटवर्क शोधायला लागला.

किल्ला पडका आहे आणि पडका म्हणूनच प्रसिद्ध आहे. लाल दगडाचा राजवाडा, फ्रेंच सैन्याने १६८९ आणि १६९३ असा दोनदा फोडला, डागडुजी चालू होती तोवर १७६४ मध्ये वीज पडली, मग सगळ्यांनी नाद सोडला आणि गावकरी घरं बांधायला दगड न्यायला लागले. ते थांबवलं कुणी, तर शार्ल द ग्रँबेर्ग नावाच्या एका फ्रेंच माणसानेच! आत एक कमान आहे एलिझाबेथच्या नावाची, १६१५ ची. तिथला सत्ताधीश फ्रीडरिश पाचवा याने ती बायकोच्या वाढदिवसाची भेट म्हणून एका रात्रीत उभी करवली अशी दंतकथा आहे. भाच्याने हे मोठ्या आवाजात वाचलं. बायको कमानीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. आमच्या बाल्कनीला कबुतरांची जाळी बसवायचा विषय गेल्या दिवाळीपासून चालू आहे.

मग तळघरात ते पिंप. आपण पिंप म्हणतो म्हणून, नाहीतर ते दुमजली घर आहे, १७५१ चं, सुमारे दोन लाख वीस हजार लिटरचं, वरती चढायला जिना आणि माथ्यावर नाचायला फळ्यांची जमीन. शेतकऱ्यांकडून कर म्हणून वाइन घ्यायचे आणि सगळ्यांची एकत्र ओतायचे. त्याची चव काय लागत असेल याचा विचार न केलेलाच बरा. समोर पेर्केओचा लाकडी पुतळा, दरबारातला बुटका विदूषक, पिंपाचा राखणदार, वाइनशिवाय दुसरं काही प्यायचाच नाही. गोष्ट अशी सांगतात की म्हातारपणी आजारी पडला, वैद्याने सांगितलं आता पाणी पी, आणि बिचारा पाणी प्यायला आणि दुसऱ्या दिवशी गेला. आत्याने पिशवीतली अर्धी बाटली काढली, उजेडात धरली, बुडबुडे बघितले आणि म्हणाली, "हेच दिलं असणार त्याला."

किल्ल्याच्या गच्चीवरून खाली गाव, पूल, नदी दिसते, आणि खरंच सुंदर दिसते, त्यात वाद नाही. आम्ही जरा टेकणार तर भाचा समोरच्या डोंगराकडे बोट दाखवून म्हणाला, ती रेघ दिसतेय ना झाडीतून, तो फिलॉसॉफनवेग, तत्त्वज्ञांचा रस्ता, किल्ला खरा बघायचा तो तिथून. म्हणजे ज्या किल्ल्यावर आम्ही उभे होतो तो इथून नीट दिसत नव्हता.

उतरताना गाडीने उतरलो, तिकीट वसूल. पूल ओलांडला की त्या रस्त्याला जाणारी पायवाट लागते, तिचं नाव सापवाट, आणि ती तशीच आहे, दोन्हीकडे दगडी भिंती, वळसे, पायऱ्या. आम्ही सुरुवातीला बाल्कनीच्या जाळीवर बोलत होतो, दुसऱ्या वळणानंतर नुसतेच चालत होतो, तिसऱ्यानंतर प्रत्येकजण आपापल्या गुडघ्यांशी एकटा होता. तत्त्वज्ञान इथे कसं झालं असेल ते कळलं. आजूबाजूला एवढी शांतता की आत्याच्या पिशवीतल्या बाटल्यांचा ठकठक आवाज तेवढा. एका जॉगिंगवाल्याने आमच्याकडे आणि पिशवीकडे बघून आदराने वाट दिली. त्याला वाटलं असावं आम्ही डोंगर साफ करतोय.

वर बाक होता. समोर किल्ला, खाली पूल, मध्ये चर्चचा मनोरा, सगळं चित्रासारखं आणि सगळं आम्ही नुकतंच पायाने मोजलेलं. जरा श्वास आल्यावर मी आत्याला गुंथर सोंथायमरबद्दल सांगितलं. इथल्या विद्यापीठात १९६२ पासून दक्षिण आशियाच्या अभ्यासाची संस्था आहे, तिथे हा माणूस शिकवायचा, चांगलं मराठी बोलायचा, धनगरांबरोबर रानोमाळ हिंडला, बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावर आयुष्य घातलं, १९९२ मध्ये वारला. आत्या बराच वेळ किल्ल्याकडे बघत राहिली. "म्हणजे हे एवढं दारात असताना तो जेजुरीला यायचा."

"हो."

"बरोबर आहे. तिथं वर गेलं की देव भेटतो. इथं वर गेलं की मगाशी आपण कुठं होतो ते दिसतं."

भाचा म्हणाला आजी, अजून वर जुन्या मठाचे अवशेष आहेत, पाच मिनिटं फक्त. आत्याने त्याला बाटल्यांची पिशवी धरायला दिली आणि उतरायला लागली.

स्टेशनवरची दुकानं रविवारी उघडी असतात. तिथे मशिन सापडलं, पण रांग. आत्याने चारही बाटल्या एकेक करून आत घातल्या, प्रत्येक वेळी मशिनने बाटली गोल फिरवून तपासली तेव्हा श्वास रोखून बघितलं, चिठ्ठी घेतली, काउंटरवर दिली आणि हातात एक युरोचं नाणं पडलं. शंभर रुपये. ते मुठीत धरून ती विजयी चेहऱ्याने बाहेर आली आणि विचारलं स्वच्छतागृह कुठाय. भाच्याने कोपऱ्यातलं फाटक दाखवलं. फाटकाला नाणं टाकायची फट होती, वर लिहिलं होतं एक युरो. आत्याने पाटी वाचली, नाण्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं.

"बॅगा सांभाळा," म्हणाली, आणि आत गेली.