चाळीसातले आठ

काकांच्या गोदामातला कॉम्प्युटर नव्वदच्या दशकातला पेंटियम आहे. त्यात डॉस 6.22 ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम आणि बिलं काढणारा एक प्रोग्राम. तो लिहून देणारा गृहस्थ हल्ली फोन उचलत नाही. मशीन बदलायचा विषय काढला की काका म्हणतात, "चालतंय ना? मग?" एक दिवस ते चालेना. हार्ड डिस्क खटक-खटक करत गप्प झाली. घरात 'कॉम्प्युटरमधलं कळणारा' मी एकटाच असल्यामुळे माझी निवड बिनविरोध झाली.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुन्या मालाच्या दुकानात सगळ्यात लहान डिस्क मागितली. "40 जीबी. यापेक्षा लहान ठेवतच नाही साहेब. आयुष्यभर पुरेल!"

डिस्क जोडली आणि मशीन 'डिटेक्टिंग'वर जे थांबलं ते थांबलंच. मशीन सुरू होताना डिस्क वगैरे ओळखतो तो बायोस नावाचा प्रोग्राम, आणि त्या काळच्या काही बायोसना 32 जीबीच्या पुढे मोजताच येत नाही. बरं, तसं स्पष्ट सांगावं, तर तेही नाही. थेट समाधी. यावरचा उतारा डिस्क बनवणाऱ्यांनीच देऊन ठेवलेला असतो: मागच्या पिनांवर एक जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी टोपी, चढवला की डिस्क स्वतःला 32 जीबीची म्हणवून घेते. हा जंपर तांदळाच्या दाण्याएवढा. तो माझ्या बोटांतून निसटला आणि तूरडाळीच्या पोत्यांखाली गेला. काकूंचा भुवया कोरायचा चिमटा आणि मोबाईलचा टॉर्च घेऊन मी पालथा पडलो. वरून काका विचारत होते, "झालं का?"

जंपर बसला, मशीन उठलं, मी डिस्कचे तुकडे पाडणारं डॉसचं एफडिस्क चालवलं. एकूण जागा: आठ हजार एमबी आणि थोडी चिल्लर. कारण डॉस डिस्कशी बोलतो ते बायोसच्या जुन्या भाषेत. त्यात डिस्कवरचा पत्ता तीन आकड्यांत सांगायचा, जास्तीत जास्त सिलिंडर 1024, हेड 255, सेक्टर 63 आणि प्रत्येक सेक्टरमध्ये 512 बाइट. गुणाकार करून पाहा, 8.4 जीबीच्या वर काही जात नाही. त्याहून जुन्या मशीनवर हेडही 16च मोजले जात, म्हणजे 528 एमबीला कुंपण. त्यामानाने काका सुखवस्तूच.

त्यातही डॉसची फाईली मांडायची पद्धत फॅट16, आणि तिचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक तुकडा, 2 जीबीपेक्षा मोठं होत नाही. म्हणून सी, डी, ई, एफ असे चार तुकडे. शिवाय एवढ्या मोठ्या तुकड्यात क्लस्टर, म्हणजे फाईलला मिळणारी कमीत कमी जागा, 32 केबीचा, म्हणजे दोन ओळींची पावतीही 32 केबी अडवून बसणार.

वेगाचं तर विचारूच नका. डिस्कच्या लेबलवर सेकंदाला 100 एमबीची बढाई, आणि डिस्कशी देवाणघेवाण करणारा मशीनमधला कंट्रोलर जुन्या पीआयओ मोड 4 पद्धतीचा, सेकंदाला फार तर 16.6 एमबी. पण याला नावं ठेवताना 1983चा आयबीएम एक्सटी हा कॉम्प्युटर आठवावा. त्याचा कंट्रोलर एक सेक्टर वाचून पुढे पाठवेपर्यंत फिरत्या डिस्कवरचा पुढचा सेक्टर वाचणाऱ्या हेडखालून निघून जायचा. पंगतीत जिलबीवाला पुढे गेल्यावर "इकडे, इकडे" करणाऱ्यासारखी त्याची गत. अख्खी फेरी वाया जाऊ नये म्हणून क्रमाचे सेक्टर मुद्दाम सहा-सहा घरांच्या अंतरावर मांडत. एक ट्रॅक, म्हणजे डिस्कवरचं एक वर्तुळ, वाचायला सहा फेऱ्या! काकांच्या स्वभावाला हेच मशीन शोभलं असतं.

संध्याकाळी प्रिंटर किरकिरला, बिल निघालं. मी काकांना सगळा हिशोब समजावला: चाळीसातले आठ वापरात, बाकीचे डिस्कवर आहेत पण दिसत नाहीत. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग उरलेल्या बत्तीसचे पैसे तो परत देतो का, विचारलंस?"