गडावर हॉटेल नको, पण गढीचं काय?

सप्टेंबर २०१९मध्ये महाराष्ट्रातले २५ किल्ले हेरिटेज हॉटेलांसाठी देणार, अशी बातमी आली आणि इकडे स्पेनमध्येही आम्हा मराठी मंडळींचे फोन तापले. ‘महाराजांच्या गडावर लग्नाचे मांडव घालणार का?’ हा संताप रास्तच होता. शिवरायांच्या किल्ल्यांना हात लागणार नाही, असा खुलासा सरकारने केला आणि विषय तिथेच मिटला. मला मात्र तो फार लवकर मिटला असं वाटतं.

राजगड-रायगडावर हॉटेल नकोच. भावनेचा भाग बाजूला ठेवला, तरी पाण्याचं काय? आपल्या गडांवर पाणी असतं ते बहुतांश खडकात खोदलेल्या टाक्यांत आणि तलावांत साठलेलं पावसाचं. खोल्याखोल्यांत न्हाणीघरं, रोजची धुलाई आणि सांडपाणी हे सगळं त्या कातळावर कसं पेलणार?

पण मी राहतो त्या देशात जुन्या वास्तूंचा प्रश्न दुसऱ्या पद्धतीने सोडवलाय. ‘पारादोर’ ही इथली सरकारी हॉटेलं. पहिलं १९२८मध्ये ग्रेदोसच्या डोंगरात नव्याने बांधलं, आणि जुन्या वास्तूतलं पहिलं १९३०मध्ये ओरोपेसाच्या किल्ल्यात सुरू झालं. आज ही संख्या शंभराच्या घरात आहे. सगळीच काही ऐतिहासिक वास्तूंत नाहीत. पण किल्ले, मठ, राजवाडे त्यांत भरपूर.

सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्रातलं पारादोर मला सगळ्यांत आवडतं. स्पेनची राणी इसाबेल आणि राजा फेर्नांदो यांनी १४९९मध्ये पायी येणाऱ्या यात्रेकरूंसाठी इथे रुग्णालय बांधण्याचा हुकूम दिला. आत चार चौक आहेत आणि त्यांना बायबलमधली चार शुभवर्तमानं लिहिणाऱ्यांची नावं आहेत. इथल्या खोल्या महाग आहेत. तरीही रोज सगळ्यांत आधी पोचणाऱ्या दहा यात्रेकरूंना फुकट जेवू घालण्याची प्रथा इथे चालत आली आहे. पाठीवर पिशवी, बुटांवर वाटेची धूळ, हातात काठी अशी माणसं त्याच उंची दारातून आत येतात. ते पाहिलं की ही वास्तू मुळात कुणासाठी उभी राहिली, हे वेगळं सांगावं लागत नाही.

ग्रानादाला आल्हाम्ब्रा या मुस्लिम सुलतानांच्या राजवाड्याच्या आवारातल्या जुन्या मठात पारादोर आहे. इसाबेल आणि फेर्नांदो यांना आधी तिथेच पुरलं होतं; १५२१मध्ये त्यांचे अवशेष शहरातल्या राजघराण्याच्या चॅपलमध्ये हलवले. ती जागा आजही हॉटेलात आहे: कोरीव कमानींखाली, आभाळाला उघडी. ती पाहायला खोली घ्यावी लागत नाही.

राजेशाही थाट विकताना गोष्ट अर्धीच सांगण्याची सवय मात्र सगळीकडे दिसते, आणि ती मला खटकते. सिग्वेन्साचा किल्ला आज पारादोर आहे. कास्तीलचा राजा पेद्रो याने १३५३मध्ये फ्रान्सच्या ब्लांचशी लग्न केलं, काही दिवसांतच तिला टाकलं, आणि पुढे याच किल्ल्यात तिला कैदेत ठेवलं. त्या खोल्यांतल्या मुक्कामाला ‘रोमँटिक’ म्हणणं मला क्रूर वाटतं. आपल्याकडे जोधपूरच्या उमेद भवनचं झगमगतं कौतुक होतं. पण १९२९मध्ये सुरू झालेलं ते बांधकाम दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून काढलेलं होतं. ही बाब त्या संगमरवराइतकीच दिमाखाने सांगायला हवी.

आता महाराष्ट्राकडे वळू. गडांवरून वाद घालणारे आपण गावोगावच्या गढ्या आणि सरदारांचे वाडे यांबद्दल गप्प असतो. बुरुजांवर पिंपळ उगवलेत, चिरे सुटून शेजारच्या घरांच्या पायांत जाताहेत, वारसांचे दावे कोर्टात. ‘पावित्र्य’ जपल्याचं समाधान आपल्याकडे आणि वाडा पावसात, ही अवस्था मला हॉटेलापेक्षा जास्त अपमानाची वाटते. सावंतवाडीच्या राजघराण्याने दुसरा मार्ग दाखवलाय. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी लोप पावत चाललेली गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची कला जगवली. आज राजवाड्याच्या आवारातल्या हॉटेलच्या खोल्या त्याच गंजिफावर बेतल्या आहेत. पाहुणा राहतो आणि कलाही टिकते.

म्हणून वाडे-गढ्या राहण्यासाठी खुल्या करायला माझा पाठिंबा आहे, पण करार लिहितानाच तीन गोष्टी पक्क्या हव्यात. मालकी सरकारची किंवा घराण्याचीच राहावी. चौक, देवघर आणि बुरूज गावकऱ्यांना तिकिटाशिवाय खुले असावेत. आणि वास्तूचा इतिहास, त्यातल्या वेठबिगारीसकट, दर्शनी भिंतीवर मराठीत लिहिलेला असावा. हे मान्य नसेल त्या कंपनीला गढीची किल्ली देऊ नये.