रिकाम्या क्रेटचं वजन

आमच्या देवगडात प्रश्नांचा दुष्काळ कधीच नव्हता. स्टँडवर एसटीत शेजारी बसलेला माणूस जामसंडे येईपर्यंत तुमचं गाव, वाडी, पगार उरकून मुलीचं अजून का जमत नाही इथवर पोचलेला असतो. मीही काही कमी नाही. बाजारात बांगड्याचा कल्ला उचलून "कालचो काय गो?" असं विचारण्याची छाती मला आहे. हे ज्यांनी कधी विचारून पाहिलंय, त्यांना पुढे काय ऐकावं लागतं ते सांगायला नको.

पण सोमवारी सकाळी 10 च्या मिटिंगमध्ये साहेब "कुणाला काही विचारायचंय?" म्हणाले, की मी टेबलावरच्या बिस्किटांची नक्षी बघायला लागतो.

मी आंब्याच्या एका कॅनिंग फॅक्टरीत आवक लिहायला आहे. मे निम्मा सरला, की पेटीत बसून वाशीला जायचा मान ज्याला मिळाला नाही तो हापूस आमच्याकडे येतो. बारका, डागी, पावसाच्या धाकाने घाईघाईत उतरवलेला. तो धुऊन, पिकवून, रस काढून 850 ग्रॅमच्या आणि 3.1 किलोच्या डब्यांत बसतो. माझं काम त्याच्या कितीतरी आधीचं. क्रेट काट्यावर ठेवायचा, वजन लिहायचं, क्रेटचे म्हणून 2 किलो वजा करायचे आणि पावती फाडायची. 9 वर्षं मी हे 2 किलो असे वजा करत आलो, जसं बोलता बोलता माणूस भातातला खडा बाजूला काढतो.

त्या संध्याकाळी एक बागायतदार काका पावतीसाठी थांबले होते. बसायला जागा नाही म्हणून त्यांनी रिकामा क्रेट उपडा करायला घेतला आणि क्षणभर, नुसता सोयीसाठी, काट्यावर टेकवला. माझी नजर आकड्यावर गेली. 1.650.

जायला नको होती.

काका गेल्यावर दुसरा क्रेट ठेवून पाहिला. 1.640. तिसरा, 1.650. काट्याला दरवर्षी वजनमाप खात्याचा शिक्का बसतो, त्यामुळे काट्याला दोष देण्याची सोय नव्हती. क्रेटला मात्र कुणी शिक्का मारत नाही. रात्री वीजबिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. क्रेटमागे 350 ग्रॅम, दिवसाला 600 क्रेट, म्हणजे 210 किलो आंबा. त्या दिवशीच्या 32 रुपये दराने 6,720 रुपये. रोजचे! बिल भरायचं होतं तेही विसरलो.

पहिल्या सोमवारी प्रश्न अगदी ओठांपर्यंत आला आणि बिस्किटाबरोबर खाली गेला. आमची मिटिंग म्हणजे गाऱ्हाणंच असतं, फक्त उलटं. देवळात गावकरी मागतात आणि देव ऐकतो. इथे देवच मागतो. "यंदा वेस्टेज कमी झालं पाहिजे," व्हय महाराजा. "रविवारीपण यावं लागेल," व्हय महाराजा. तोंडाने आम्ही "यस सर" म्हणतो, पण चाल तीच. त्या चालीत मध्येच कुणी "नाय महाराजा" म्हटलेलं मी देवळातही ऐकलेलं नाही.

दुसऱ्या सोमवारी मी बोललो. खरंच बोललो. "साहेब, ते क्रेट..." एवढं म्हणताच सगळ्या माना वळल्या. क्वालिटीच्या मॅडमनी चष्मा वर केला. आणि माझ्या तोंडून पुढे आलं, "...नीट धुतले जातात का?" साहेब खूश. त्या दिवसापासून क्रेट धुण्याची देखरेख माझ्याकडे आली.

घरी तालीम सुरू केली. बायको साहेब झाली. तिने भूमिकेत इतका जीव ओतला, की माझा प्रश्न पुरा व्हायच्या आधीच म्हणाली, "तुमका काटो बघूक कोणी सांगल्यान? आवक लिवा!" मी घाबरून "सॉरी सर" म्हटलं. तिने पदराने हसू पुसलं आणि सल्ला दिला, "देवाक इचारा. माझ्यान होयत नाय."

कोकणातल्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या एवढ्या मोठ्या जत्रेची तारीखसुद्धा पंचांग ठरवत नाही, देवीचा कौल ठरवतो. मग माझ्या क्रेटचं काय? देवळात गुरवाने देवाला फुलांचे कळे चिकटवून कौल लावला, उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार, आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला आसा. ह्याचा तोंड सायबासमोर उघडत नाय, ता उघडूंदे!" मागे दर्शनाला आलेल्या दोघींनी उत्साहाने "व्हय म्हाराजा" म्हटलं. म्हणजे आता गावभर झालं.

खरं सांगायचं तर डावा कौल पडावा असं मला मनातून वाटत होतं. देवच नको म्हणाला तर आपण काय करणार? पण उजवीकडचा कळा असा टपकन पडला, जणू कधीपासून वाटच बघत होता.

तिसरा सोमवार. बिस्किटांकडे पाठ होईल अशी खुर्ची निवडली. साहेबांनी विचारायच्या आधीच बोलून टाकलं, "साहेब, रिकाम्या क्रेटचं वजन 2 किलो नाही, 1 किलो 650 ग्रॅम आहे. आपण 2 का वजा करतो?"

पंखा तेवढा फिरत होता. साहेब ओरडतील, हसतील, नोकरीवरून काढतील, सगळ्याची तयारी होती. त्यांनी शांतपणे विचारलं, "2 हा आकडा आला कुठून?" कुणालाच माहीत नव्हतं. स्टोअरमधून जुनी फाईल मागवली. फाईलबरोबर एक झुरळ आलं, त्याची व्यवस्था झाली, मग ते पान सापडलं. 'क्रेट वजावट 2 किलो. तपासले.' खाली सही.

सही माझी होती.

नोकरीचा पहिला आठवडा होता तो. कुणीतरी म्हणालं, "2 लिव आणि सही कर." मी लिहिलं आणि सही केली. 'तपासले' हा शब्द मात्र कुणी सांगितला नव्हता, तो मी आपल्या पदरचा घातला होता. अक्षर किती छान यायचं तेव्हा!

"कसं तपासलं होतं?" साहेबांनी विचारलं. मी मान वळवून बिस्किटं शोधली.

दुपारी अंगणात 20 क्रेट मांडून वजनं झाली. कोरडा क्रेट 1.650, पण माझ्याच देखरेखीखाली नुकताच धुतलेला ओला क्रेट 1.800. त्यावर तासभर वाद झाला आणि शेवटी कोरडं वजन धरायचं ठरलं. ते काका पुन्हा माल घेऊन आले होते. नवी पावती त्यांनी उलटीसुलटी करून वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बरा झाला. पण मागच्या 9 वर्षांचा काय?"

"सोमवारी इचारतंय," मी म्हटलं.

बातमी माझ्या स्कूटरच्या आधी घरी पोचली होती. बायकोने परडीत फुलं काढून ठेवली होती.