‘रिम हलकीच घ्या’ या ढकलपत्राला मुंबईच्या रस्त्यावरून उत्तर

रोड सायकलसाठी हब (चाकाचा मधला भाग), तारा आणि रिम (बाहेरचं कडं) वेगवेगळ्या घेऊन चाकं बांधून घ्यायचं म्हटलं की मुंबईतल्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक ढकलपत्र हमखास येऊन पडतं. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, सल्ला तोच. रिममधला एक ग्रॅम म्हणजे फ्रेममधले दोन, तेव्हा मिळेल ती सर्वांत हलकी रिम घ्या. अ‍ॅल्युमिनियमचा जमाना गेला, ५० मिमी खोलीची (टायरपासून हबच्या दिशेने मोजलेली उंची) कार्बनच घ्या. हुकलेस (टायरची कड अडकवणारा ओठ नसलेली) घ्या, पुढे सगळं तेच येणार आहे. तारा पुढे २० आणि मागे २४ पुरतात. निपल (तारा रिमला आवळणारे छोटे नट) अ‍ॅल्युमिनियमचे लावा.

यातलं एकही वाक्य निव्वळ थाप नाही. प्रत्येकामागे कुठेतरी एक खरी गोष्ट आहे, म्हणून तर ते पटतं. पण ती गोष्ट ज्या रस्त्यावर खरी ठरते, त्यावर पेव्हर ब्लॉक नसतात आणि जूनमध्ये तो पाण्याखालीही जात नाही.

वजनापासून सुरुवात करू, कारण बाकीचे मुद्दे त्याच खुंटीला टांगलेले आहेत. ‘एकाचे दोन’ हे गणित फक्त वेग वाढवताना लागू पडतं. रिम पुढेही जाते आणि फिरतेही, त्यामुळे तिला वेग द्यायला जवळपास दुप्पट ऊर्जा लागते. ठरलेल्या वेगाने घाट चढताना मात्र रिमचा ग्रॅम आणि बाटलीतल्या पाण्याचा ग्रॅम यांत काहीच फरक नाही.

आता आकडे घ्या. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो, आणि हलक्या रिममुळे दोन्ही चाकांत मिळून २०० ग्रॅम वाचले. सिग्नलवरून निघून ताशी २५ किमीपर्यंत पोहोचायला सुमारे २,०५० जूल लागतात, त्यातले या २०० ग्रॅमनी वाचवले साधारण १०. पायांतून २०० वॅट निघत असतील तर ही बचत सेकंदाच्या विसाव्या भागाइतकी. कुलाब्यापासून दहिसरपर्यंत शंभर सिग्नल लागले आणि प्रत्येकावर थांबलात, तर अख्ख्या प्रवासात पाच सेकंद. खोपोलीहून बोरघाट चढताना साधारण ५०० मीटर उंची गाठायची असते. तिथेही २०० वॅटवर, नुसत्या चढाच्या हिशेबाने, ३५ मिनिटांत फरक पडतो पाच सेकंदांचाच. घाटाच्या पायथ्याशी बाटलीतलं २०० मिली पाणी ओतून दिलंत तरी तेवढंच मिळेल. (पिऊन टाकलंत तर नाही, ते पोटातून वर जाणारच.)

या पाच सेकंदांची किंमत मात्र मोठी असते. अ‍ॅल्युमिनियमची रिम हलकी होते ती भिंती पातळ करून. ब्रेक लागतो ती भिंत पातळ, निपल बसतो तो तळ पातळ, एकूण ताठपणाही कमी. खड्ड्याच्या कडेवर अशी रिम लवकर चेपते आणि ताराही जास्त ताणून घेऊ देत नाही. ताण कमी म्हणजे खालून जाताना तार ढिली पडणार, निपल हळूहळू फिरणार आणि महिन्याभरात ‘परत आऊट काढून द्या’ (डुगडुगणारं चाक सरळ करून द्या) म्हणत दुकान गाठावं लागणार. एका रिमचे ४५० ते ५०० ग्रॅम हे मुंबईसाठी लाजिरवाणं वजन नाही. डीटी स्विसच्या आर ४६० सारख्या साध्या रिमच्या नावातला आकडाच तिचं वजन सांगतो, आणि ते लपवावं असं निर्मात्यालाही वाटलेलं नाही.

‘५० मिमी कार्बन’ हा सल्ला खरं तर दोन दाव्यांचा आहे, खोलीचा आणि कार्बनचा.

खोल रिम हवा कमी अडवते हे खरं, पण हवेशी झगडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. समजा ताशी ४० किमीला एखादी रिम ८ वॅट वाचवते. तीच रिम २५ ला दोनच वॅट वाचवेल. त्यातही टायर रिमपेक्षा रुंद असेल तर हवा टायरवरून सुटून रिमला नीट चिकटतच नाही. रिमची बाहेरची रुंदी टायरच्या प्रत्यक्ष रुंदीच्या १०५ टक्के असावी असा ठोकताळा वापरतात. म्हणजे २८ मिमी टायरला बाहेरून २९ मिमीहून थोडी जास्त रुंद रिम हवी. बाहेरून २५ मिमीची ‘एअरो’ रिम घेऊन त्यावर २८ चा टायर चढवणाऱ्याने निम्मे पैसे दिसण्यासाठी मोजलेले असतात.

वाऱ्याचं गणितही आपल्याकडे वेगळं आहे. मुंबईत दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो तो पश्चिमेकडून, आणि मरीन ड्राइव्ह असो की वरळी सी फेस, दोन्हीकडे तो सायकलला आडवा लागतो. इमारतीच्या आडोशातून बाहेर पडताच खोल पुढचं चाक हँडल बाजूला ओढतं. वजन ५५ ते ६० किलो असेल तर हे चांगलंच जाणवतं. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शेजारून ट्रेलर गेला की तेच. खोलीची हौस असेल तर मागे ४५-५० ठेवा, पुढे ३०-३५ च्या वर जाऊ नका. मागचं चाक हँडल फिरवत नाही.

कार्बनचा खरा गुण एकच: वजन न वाढवता खोली आणि ताठपणा देता येतो. डिस्क ब्रेक असतील आणि पहाटे पाम बीच रोडवर गटाने ३५-४० ने जायचं असेल, तर कार्बन घ्या, त्यात गैर काही नाही. पण ‘कार्बन कधी आऊट होत नाही’ हे वाक्य सोडून द्या. आऊट होणं हा तारांच्या ताणाचा प्रश्न आहे. कार्बनची रिम वाकत नाही हे खरं, ती तडकते. गटाराच्या खचलेल्या झाकणावर अ‍ॅल्युमिनियमची कड चेपली तर आत ट्यूब असताना ती सावकाश सरळ करून घरी येता येतं. कार्बनच्या कडेला किंवा निपलच्या भोकाजवळ तडा दिसला की ती रिम संपली. म्हणून कार्बन घेण्याआधी अपघातात फुटलेली रिम सवलतीत बदलून मिळते का, आणि परदेशातून येणार असेल तर ड्युटी आणि कुरिअर कोण भरणार, हे लेखी विचारून घ्या.

कार्बन चढवल्याने खडबडीत रस्ता मऊ लागतो, असंही त्याच सल्ल्याला जोडून ऐकू येतं. कुठलंही नीट बांधलेलं चाक उभ्या दिशेने मिलिमीटरभरही दबत नाही. टायर दबतो तो कितीतरी पट जास्त. मऊपणा हवा असेल तर टायर रुंद घ्या आणि हवा कमी भरा.

रिम ब्रेकच्या (पॅड थेट रिमच्या कडेवर दाबणाऱ्या) सायकलला कार्बन रिम? मुंबईत नकोच. पावसात पकड उशिरा येते, त्याला पॅड खास लागतात, आणि लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्यास कड तापून मऊ पडण्याचा धोका असतो. अ‍ॅल्युमिनियमलाही इथला पाऊस सोडत नाही म्हणा. मेट्रो आणि काँक्रीटीकरणाच्या कामांची बारीक रेव पाण्याबरोबर पॅडवर बसते आणि ब्रेक लावला की पॉलिश पेपरसारखी रिम घासते. कडेवर झीज दाखवणारी खाच किंवा ठिपका असतो, तो पुसला गेला की रिम बदलायची. खूण नसेल तर सरळ पट्टी कडेवर आडवी ठेवा. मध्ये खोलगट फट दिसली तर समजा वेळ जवळ आली. भिजून आल्यावर पॅडमध्ये रुतलेले अ‍ॅल्युमिनियमचे चमकते कण टाचणीने उकरून काढलेत तर रिमचं आयुष्य नक्की वाढतं.

हुकलेसचा मुद्दा चवीचा नाही, सुरक्षेचा आहे. साध्या रिमच्या आतल्या कडेला टायरची कड अडकवणारा ओठ असतो, हुकलेसला तो नसतो. म्हणून प्रमाणित नियमानुसार त्यात हवेचा दाब ५ बारच्या वर, म्हणजे साधारण ७२ पीएसआयच्या वर, न्यायचा नाही आणि टायर २८ मिमीपेक्षा अरुंद लावायचा नाही. रिमची आतली रुंदी २५ मिमी असेल तर टायर किमान २९ चा हवा. टायरही हुकलेसला चालणारा ट्यूबलेसच (ट्यूबशिवाय हवा धरणारा) लागतो, आत ट्यूब घातली तरी. ६० किलोच्या स्वाराला ही मर्यादा जाणवणारही नाही. ९० किलोच्या स्वाराला २८ च्या टायरमध्ये ७२ च्या वर जावंसं वाटणार, आणि तिथेच खेळ संपतो. २०२४ च्या फेब्रुवारीत यूएई टूर या शर्यतीत बेल्जियमच्या थॉमस डे गेंटचा टायर हुकलेस रिमवरून सुटून तो पडला, तेव्हा व्यावसायिक शर्यतींतही यावरून मोठा वाद झाला होता. आपल्यापुरता प्रश्न साधा आहे. पनवेलच्या पुढे टायर कापला गेला तर जवळच्या दुकानात जो मिळेल तो साधा टायर हुकलेसवर चढवता येणार नाही. रिमच्या लेबलवर ‘६२२×२१ टीएसएस’ असेल तर ती हुकलेस, ‘टीसी’ असेल तर ओठवाली. ६२२ हा टायर बसतो त्या जागेचा व्यास, २१ ही आतली रुंदी. पैसे देण्याआधी ही ओळ वाचा.

रिम निवडताना खरं तर हीच आतली रुंदी पहिला प्रश्न असायला हवी. ढकलपत्रात तिचा उल्लेखही नाही. २८ च्या टायरला आतून १९ ते २१ मिमी उत्तम. रिम आतून १ मिमी रुंद झाली की टायर साधारण ०.४ मिमी फुगतो, त्यामुळे २१ च्या रिमवर २८ चा टायर २९ च्या आसपास भरू शकतो. जुन्या रिम ब्रेकच्या फ्रेममध्ये तो कॅलिपरला (ब्रेकच्या चिमट्याला) घासतो का हे आधी बघा. चारही बाजूंना ४ मिमी मोकळी जागा हवी, नाहीतर पावसात चिखल तिथेच दाटतो.

तारा २०/२४? कारखान्यात बनलेल्या, खूप ताठ रिमच्या चाकात त्या चालतात. मध्यम खोलीच्या अ‍ॅल्युमिनियम रिममध्ये ७५ किलोच्या वरच्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. ३२ तारांच्या चाकातली एक तुटली तर ब्रेक थोडा सैल करून घरी येता येतं. २० तारांच्या चाकातली तुटली तर रिम फ्रेमला किंवा पॅडला घासते आणि ट्रेनची वाट धरावी लागते. ७० किलोपर्यंत २४/२८, त्यापुढे २८/२८ किंवा २८/३२, ९० च्या वर दोन्हीकडे ३२, असा हिशेब ठेवा. डिस्क असेल तर पुढच्या चाकालाही ब्रेकचा पीळ बसतो, त्यामुळे तिथे हबपासून रिमकडे थेट जाणाऱ्या सरळ तारा नकोत, एकमेकींना ओलांडणाऱ्याच हव्यात. आणि हब-रिमच्या भोकांची संख्या जुळते का, हे दोन्ही मागवण्याआधी बघा. ही चूक हास्यास्पद वाटते, पण होते.

मागच्या चाकासाठी भोकं एका बाजूला सरकवलेली रिम मिळत असेल तर ती जरूर घ्या. ११ गिअरच्या हबमध्ये तारा अडकवायची उजवी तबकडी मध्यापासून जेमतेम १७ मिमीवर, डावी ३६ वर असते. उजवीकडे १,२०० न्यूटन ताण दिला तरी डावीकडे ५६० च्या आसपासच राहतो, आणि ढिल्या पडून तुटतात त्या डाव्या तारा. भोकं अडीच मिमी डावीकडे सरकली की तोच ताण ७०० पर्यंत जातो. शंभर ग्रॅम कमी केल्याने जे साधत नाही ते इथे फुकट साधतं. चाक बांधताना सरकवलेली बाजू उलटी बसवली तर परिणामही उलटा होतो, तेव्हा रिमवरची खूण बघूनच पहिली तार टाका.

निपलबद्दल वाद घालण्यासारखं काही नाही. पितळी लावा. ५६ तारांच्या जोडीत फरक पडतो ३५-४० ग्रॅमचा. खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियमचा निपल तारेला चिकटून बसतो, आऊट काढताना त्याचे कोपरे घसरतात किंवा डोकं तुटून रिमच्या पोकळीत खुळखुळतं. कार्बन रिममध्ये तो आणखी लवकर गंजतो, कारण कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की विजेच्या सेलसारखी क्रिया सुरू होते. ट्यूबलेस खोल रिममध्ये पावसाचं पाणी साठतं तेही यात भर घालतं. महिन्यातून एकदा व्हॉल्व्ह काढून ते भोक खाली धरा, पाणी निथळून जाईल.

रिम हाती आल्यावर तारांची लांबी काढण्यासाठी संकेतस्थळावरच्या व्यासावर विसंबू नका, स्वतः मोजा. दोन जुन्या तारा बरोबर २०० मिमीला कापा, त्यांना निपल लावून समोरासमोरच्या भोकांत टाका, ताणून धरा आणि मधलं अंतर मोजून ४०० मध्ये मिळवा. तीन-चार जागी मोजून सरासरी घ्या. व्यासात २ मिमीची चूक झाली तर तार १ मिमीने चुकते. हा आकडा मास्किंग टेपवर लिहून हबला चिकटवून ठेवा आणि प्रत्येक लांबीच्या दोन तारा जास्त घ्या.

तीन पावसाळ्यांनी कड झिजली की तो आकडा कामाला येतो. व्यासात १-२ मिमीचाच फरक असलेली आणि भोकं तशीच सरकवलेली दुसरी रिम मिळाली तर तारा आणि हब तेच राहतात. सगळ्या तारा थोड्या थोड्या सैल करा, नवी रिम जुनीच्या शेजारी व्हॉल्व्हची भोकं जुळवून टेपने बांधा, एकेक तार सोडून शेजारच्या भोकात टाका. शेवटची तार सरकली की जुनी रिम मोकळी होते. मग नेहमीसारखं ताण देत आऊट काढायचं.