किटलीत भागेल असं काही

इंग्लंडमध्ये येऊन चौदा वर्षं झाली. गेली तीन वर्षं शनिवारी सकाळी मी इथल्या एका फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट किराणा देणाऱ्या केंद्रात, पिशव्या भरायला जाते. सुरुवातीला डाळी, बटाटे, कोबी मोठ्या हौसेने पुढे करायचे. एकदा एक बाई हळूच म्हणाली, "किटलीत भागेल असं काही आहे का?" म्हणजे नुसतं उकळतं पाणी ओतून खाता येईल असं. तिच्या घरी विजेचा प्रीपेड मीटर. ओव्हन लावला की आकडा डोळ्यांसमोर उतरतो. सोबतची दोन्ही मुलं मात्र अंगाने चांगलीच भरलेली. मनात आलंच माझ्या, फूड बँकेत यायची वेळ आलेल्या घरातली पोरं अशी कशी? लठ्ठ मूल म्हणजे खात्यापित्या घरचं, हे मी माहेराहूनच घेऊन आले होते.

इथे हिशेब उलटा आहे. शाळेत आल्यावर आणि प्राथमिक शाळा सोडताना इथे मुलांची उंची-वजनं घेतात. २०२३-२४ मध्ये दहा-अकरा वर्षांच्या मुलांपैकी सर्वांत गरीब वस्त्यांत २९.२ टक्के लठ्ठ निघाली, सर्वांत सधन वस्त्यांत १३ टक्के. चार-पाच वर्षांच्या मुलांतही गरीब वस्त्यांतलं प्रमाण दुपटीहून जास्तच आहे. लठ्ठपणा म्हणजे संयम नसणं, असं म्हणतात; पण त्या वयाच्या पोराला कसला आलाय संयम?

आईला समजत नाही, असं म्हणणारे इथेही खूप आहेत. मला तर या बाया माझ्यापेक्षा हिशेबी वाटतात. तेवढ्याच कॅलरी फळं-भाज्यांतून घ्यायच्या तर बिस्किटं-चिप्सपेक्षा कितीतरी जास्त पैसे पडतात. त्यात नवी भाजी आणली आणि मुलाने ताट सरकवलं, तर पैसेही गेले आणि पोरगंही उपाशी. माझ्या लेकीने ब्रोकोली सात-आठ वेळा टाकून दिली, मग खायला लागली. ते सात-आठ वेळचे पैसे मला परवडले. चिकनचे गोठवलेले तुकडे मूल हमखास संपवतं, म्हणून गरीब आई तेच घेते.

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. २०१८ मध्ये साखरेच्या शीतपेयांवर कर लावला, कंपन्यांनी साखर उतरवली, चांगलंच झालं. पण एप्रिल २०१७ नंतर जन्मलेल्या तिसऱ्या मुलासाठी गरीब घरांना मिळणारी सरकारी मदत कापली तीही त्याच राजवटीत. बाटलीतली साखर कमी केली आणि घरातला पैसाही.

मुलांच्या लठ्ठपणावरची आपल्याकडची चर्चा इथून वाचते तेव्हा तिचा सगळा रोख डब्यावर आणि जिभेवर दिसतो. २०२५ मध्ये पंतप्रधानांनी तेल दहा टक्के कमी करा म्हटलं, सीबीएसईने शाळांना कशात किती साखर असते ते सांगणारे फलक लावायला सांगितले. फलकाला माझी हरकत नाही. पण त्याच वर्षी जानेवारीत महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहारातल्या अंड्याचा निधी काढून घेतला. द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या म्हणे. अंड्यावर वाद झाला तो शाकाहार-मांसाहाराचा. वजनाशी त्याचा काही संबंध असेल, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

आणि संबंध आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं इथल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली सरासरी २.७ किलोची, इथली ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू फार कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. म्हणजे हडकुळं दिसणारं मूलही आतून चरबी धरून असू शकतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. जास्त वजनाची आधीच्या पाहणीत १.९ टक्के होती, ती ४.१ झाली. आपल्याकडे हे जास्तीचं वजन अजून सधन घरांतच जास्त दिसतं, मान्य. पण आधी खुजं राहिलेल्या मुलाला अंड्यासारखं काही न देता नुसत्या पिठा-साखरेवर वाढवलं तर ते उंचीपेक्षा रुंदीनेच वाढणार, अशी मला भीती वाटते.

माझी ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. परवा फोनवर तिला विचारलं, मधल्या सुट्टीत पोरं काय खातात गं?

"खिचडी असते. पण सकाळी येतानाच हातात पाच रुपयांचा पुडा असतो. आया सहालाच कामावर जातात ना. त्या म्हणतात, बाई, एवढं तरी ते खातंच."

मी तिला किटलीवाल्या बाईबद्दल सांगितलं. ताईने विचारलं, "तिचा नवरा काय करतो?" ते मलाही माहीत नव्हतं.