'अप'चे अर्थ अनेक, म्हणून इंग्रजी खुळी ठरत नाही

सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं असं: इंग्रजीत सर्वात जास्त अर्थ 'अप' या शब्दाला आहेत. उठलं की वेक अप, आवरलं की क्लीन अप, कुलूप घातलं की लॉक अप. म्हणजे त्या भाषेला ना नियम ना तर्क. आपल्या मराठीत मात्र प्रत्येक अर्थाला स्वतंत्र शब्द. तेव्हा पोरांना इंग्रजी जमत नसेल, तर दोष त्या भाषेचाच.

पहिला दावा कोश उघडला की कोसळतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वात लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती, अर्थ ४३० च्या आसपास. पुढे सुधारणेच्या कामात 'रन'ने त्याला मागे टाकलं, त्याचे अर्थ ६४५ भरले. 'अप'चे अर्थ भरपूर आहेत, पण पहिला नंबर त्याचा नाही.

तर्क नाही, हे दुसरं म्हणणं. इथे थोडं थांबायला हवं, कारण याचं उत्तर सोलापुरात घरोघरी बोललं जातं. 'ईट' म्हणजे खा, 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक, ताटात काही ठेवू नको. आता सांगा, 'खाऊन टाक' म्हणताना आपण काय टाकतो? काहीच नाही. 'टाक' तिथे फक्त काम पुरं झाल्याचं सांगतं. पूर्व भागातल्या तेलुगू घरात आई 'तिनेय्' म्हणते. त्यातला शेवटचा तुकडा 'वेय्', म्हणजे टाकणंच. अक्कलकोटकडच्या कन्नड घरात 'तिंदुबिडु'. 'बिडु' म्हणजे सोड. हिंदीत 'खा डालो'. चार भाषांनी टाकणं-सोडणं घेतलं, इंग्रजीने 'वर' घेतलं. घागर भरताना पाणी काठापर्यंत वर चढतं आणि भरणं पुरं होतं, तिथून ही वाट सहज दिसते. क्लीन अप, ड्राय अप, यूज अप यांतही तोच पुरेपणा आहे. लॉक अप म्हणजे पक्कं बंद. बाकी आवाज चढव म्हणजे स्पीक अप, आणि उशिरा 'उगवलेला' माणूस इंग्रजीत 'शो अप' करतो. ही वर जाण्याची कल्पना तर आपल्याकडेही आहे.

मराठीत प्रत्येक अर्थाला स्वतंत्र शब्द, हे तिसरं म्हणणं मला सगळ्यात जास्त खटकतं. मराठीवरच्या प्रेमापोटी लिहिलेल्या मेसेजात मराठीचंच इतकं चुकीचं वर्णन असावं, याचं वाईट वाटतं. एकटं 'लागणे' घ्या. एप्रिलात ऊन लागतं, भूक लागते, ठेच लागते. शेंगाचटणी झणझणीत लागते. गड्ड्याच्या यात्रेत पाळणे लागतात. पोराला नोकरी लागते, नाद लागतो, निकाल लागतो, दूध खाली लागतं, बोअरला पाणी लागतं, दार लागत नाही, आणि हे सगळं सांगायला वेळ लागतो. यातला एकही अर्थ आपण पाठ केलेला नाही. जे शब्द रोज तोंडात असतात त्यांनाच अर्थ फुटत जातात. जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकाने १९४५ मध्ये हेच दाखवलं होतं, की शब्दाचा वापर जितका जास्त तितके त्याचे अर्थ जास्त. इंग्रजीत ते 'गेट', 'सेट', 'अप'चं झालं, आपल्याकडे 'लागणे', 'पडणे', 'बसणे'चं.

राहता राहिला भाषेचा दोष. घरात तेलुगू, गल्लीत दखनी आणि शाळेत मराठी बोलणारी मुलं या गावात ढिगाने आहेत. त्यांना इंग्रजी अवघड जात असेल, तर आधी 'अप म्हणजे वर' एवढंच पाठ करून घेणं बंद करा. वहीत 'गिव्ह अप'समोर 'सोडून देणे' लिहा, 'फिनिश अप'समोर 'उरकून टाकणे', 'बिल्ड अप'समोर 'साठत जाणे'. आणि तेलुगू-कन्नड घरातल्या मुलांना तिसऱ्या रकान्यात त्यांच्या घरचा शब्द स्वतः भरायला सांगा.