गाडी स्वतः चालेल, पण रिकामी फिरेल त्याचं काय?

'स्वयंचलित गाड्या येऊ द्या, मग कुणाला स्वतःची गाडी घ्यायची गरजच उरणार नाही', हे मी गेली कित्येक वर्षं ऐकतेय. मोबाइलवर बोलवा, बसा, उतरा. हप्ता नाही, पार्किंगची भांडणं नाहीत, सर्व्हिसिंग नाही. मला हे पटत नाही. रस्त्याचे आणि पार्किंगचे नियम आज आहेत तसेच राहिले आणि ही गाडी आली, तर खाजगी गाड्या कमी होणार नाहीत, उलट त्यांचं धावणं वाढेल. आणि त्यातल्या बऱ्याचशा गाड्यांत माणूसच नसेल.

तंत्रज्ञानाबद्दल माझा आक्षेप नाही, हे आधीच सांगते. २००४ साली अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात अशा गाड्यांची पहिली शर्यत झाली तेव्हा एकही गाडी ती पूर्ण करू शकली नाही. सगळ्यात पुढे गेलेली गाडी सुमारे १२ किलोमीटरवर अडकली. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी २०० किलोमीटरहून मोठा मार्ग पार केला. आज फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिसमध्ये वेमो या अमेरिकन कंपनीची गाडी ड्रायव्हरच्या सीटवर कुणी नसताना रोज प्रवासी नेते. साडेपाच कोटी मैलांहून जास्त प्रवासावर आधारित त्यांच्या अभ्यासात पादचाऱ्यांना इजा होणारे अपघात माणसांच्या तुलनेत ९२ टक्क्यांनी कमी निघाले. अभ्यास कंपनीचाच आहे, तेवढं लक्षात ठेवूनही हा आकडा मला झटकून टाकता येत नाही. २०२२ या एका वर्षात भारतात १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर मेली. यंत्र दारू पिऊन गाडी चालवत नाही, झोप अनावर होऊन दुभाजकावर चढत नाही.

पण गाडी सुरक्षित असणं वेगळं आणि शहर राहण्याजोगं असणं वेगळं.

२०१६ मध्ये लिफ्ट या टॅक्सी कंपनीचे सहसंस्थापक जॉन झिमर यांनी लिहिलं होतं की २०२५ पर्यंत अमेरिकेतल्या मोठ्या शहरांतली खाजगी गाडीची मालकी जवळपास संपलेली असेल. २०२५ येऊन गेलं. मालकी जागेवरच आहे. दरम्यान सॅन फ्रान्सिस्कोच्या वाहतूक प्राधिकरणाने २०१० ते २०१६ या काळात शहरात कोंडी का वाढली ते तपासलं, तेव्हा त्या वाढीचा साधारण निम्मा वाटा ॲपवरच्या टॅक्सींचा निघाला. गाड्या कमी करायला आलेली सोय रस्त्यावर गाड्या वाढवून बसली. कारण सरळ आहे. लोकांनी आपल्या गाड्या विकल्या नाहीत, पण बसने किंवा चालत जाणारे बरेच जण टॅक्सीत बसायला लागले. शिवाय एक गिऱ्हाईक सोडून दुसरं घ्यायला जाताना टॅक्सी रिकामीच धावते, ते वेगळं.

आता खाजगी मालकीची, स्वतः चालणारी गाडी आली तर काय होईल? गाडी बाजारात यायच्या आधी याचं उत्तर कसं शोधणार? कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी यावर फार हुशार उपाय काढला. त्यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या १३ कुटुंबांना आठवडाभर फुकट ड्रायव्हर दिला. तुम्ही गाडीत असा किंवा नसा, तो तुमची गाडी हवी तिथे नेईल. म्हणजे स्वयंचलित गाडीची रंगीत तालीमच. गाड्यांचं एकूण धावणं ८३ टक्क्यांनी वाढलं. लोक रात्री जास्त बाहेर पडले, लांब गेले, आणि सामान आणायला किंवा कुणाला घेऊन यायला रिकामी गाडी पाठवू लागले. मग सॅक्रामेंटोत ४३ कुटुंबांवर हाच प्रयोग झाला. तिथे वाढ ६० टक्के, आणि त्यातली निम्म्याहून जास्त वाढ रिकाम्या गाडीची. बस-ट्रेनचा वापर तर झपाट्याने घटला.

हे वाचताना मी थांबले, कारण हा प्रयोग आपल्याकडे कधीपासून चालू आहे. मुंबईत, पुण्यात ज्यांच्या घरी पगारी ड्रायव्हर आहे, ती कुटुंबं आजच स्वयंचलित गाडीच्या युगात राहतात. लोअर परळच्या किंवा बीकेसीच्या एखाद्या ऑफिसबाहेर सकाळी दहाला उभं राहून बघा. साहेब उतरतात, गाडी रिकामी घरी जाते, मॅडमना घेऊन बाहेर पडते, दुपारी मुलांच्या शाळेपाशी येते, मग क्लासला, मग संध्याकाळी पुन्हा ऑफिसखाली. 'पार्किंग नाही मिळत साहेब, एक चक्कर मारून येतो' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्या एका चकरेत पेट्रोल जळतं, सिग्नलची एक जागा अडते आणि मागच्या बसमधली पन्नास माणसं थांबतात. शाळा सुटायच्या वेळी पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या शाळेबाहेर दुहेरी रांगेत उभ्या असलेल्या गाड्या पाहा. त्यातल्या कितीतरी गाड्यांत एकटा ड्रायव्हर बसलेला असतो.

आज हे परवडणारी कुटुंबं थोडी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या शंभर घरांपैकी जेमतेम आठ घरांत चारचाकी आहे, आणि त्यातही ड्रायव्हर ठेवणारी मोजकीच. ड्रायव्हरचा पगार हाच आज रिकाम्या गाडीवरचा एकमेव लगाम आहे. यंत्र आलं की तो लगाम सुटतो. यंत्राला सुट्टी नको, जेवण नको, रात्री दहानंतरचे जादा पैसे नकोत. मग गाडीला दिवसभर फिरत ठेवायला कोण मागेपुढे पाहील? ॲडम मिलार्ड-बॉल या अभ्यासकाने २०१९ मध्ये हिशेब मांडला होता की पैसे भरून पार्क करण्यापेक्षा अशी गाडी रस्त्यावर हळूहळू फिरवत ठेवणं स्वस्त पडेल, तासाला साधारण ५० सेंट. अशा दोन हजार गाड्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मध्यवस्तीत आल्या तरी वाहतुकीचा वेग ताशी दोन मैलांखाली जाईल, असं त्याचं गणित. लक्ष्मी रोडवर किंवा दादरच्या कबुतरखान्यापाशी किती गाड्या पुरतील, तुम्हीच सांगा.

'पण या गाड्या विकणारच नाहीत, टॅक्सीसारख्याच चालतील' असं कुणी म्हणेल. आज वेमो गाडी विकत नाही हे खरं. पण एप्रिल २०२५ मध्ये टोयोटाशी हातमिळवणी जाहीर करताना त्यांनी खाजगी मालकीच्या गाड्यांचाही विचार असल्याचं सांगितलं. टेस्ला तर पहिल्यापासून गाडी विकूनच हे तंत्र देऊ पाहतेय. कंपन्यांना गाड्या विकायच्या आहेत, यात त्यांचं काही चुकतंय असं मी म्हणत नाही. शहर सांभाळणं हे त्यांचं काम नाही, आपलं आहे.

आपल्या सरकारची भूमिका ठाऊक असेलच. नितीन गडकरींनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरला सांगितलं की ड्रायव्हर लोकांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्या ते भारतात येऊ देणार नाहीत. या काळजीचा मला मनापासून आदर आहे. गाव सोडून शहरात आलेल्या, फारसं शिक्षण न झालेल्या तरुणाला लायसन्सवर आजही काम मिळतं, आणि ते काढून घेण्याआधी शंभरदा विचार करायला हवा. पण नुसत्या बंदीवर विसंबून राहता येणार नाही. दिल्ली मेट्रोची मॅजेंटा लाइन डिसेंबर २०२० पासून चालकाविना धावतेय. स्वतः ब्रेक लावणाऱ्या, लेन सांभाळणाऱ्या गाड्या आपण आजच विकत घेतोय. पायरी पायरीने हे येणार आहे, आणि नियम नसताना आलं तर ड्रायव्हरही जाईल आणि रस्ताही.

माझ्या घरातलं एक कारण आहे, ज्यामुळे मला नुसतं 'नको' म्हणता येत नाही. बाबांना काचबिंदू आहे. गाडी चालवणं त्यांनी स्वतःहून सोडलं. तेव्हापासून नाटकाला जायचं तर कुणीतरी सोबत हवं, मित्राकडे जायचं तर रिक्षावाल्याने 'हो' म्हणायला हवं. जवळचं भाडं म्हणून नाही म्हणतात, लांबचं म्हणूनही म्हणतात. चालकाविना गाडी दारात आली तर ते रोज बाहेर पडतील. त्यांच्यासारखी लाखो माणसं आहेत. कॅलिफोर्नियातल्या प्रयोगात रात्री बाहेर पडलेल्या लोकांमध्येही असे कुणी असणारच, आणि त्यांच्या त्या फेऱ्या मला अजिबात जास्तीच्या वाटत नाहीत.

म्हणून हे तंत्र आधी कुणाच्या हातात द्यायचं, यावर माझा सगळा भर आहे. २०१५ मध्ये लिस्बन शहराच्या आकड्यांवर एक अभ्यास झाला होता. मेट्रो तशीच चालू ठेवून लोकांनी अशा गाड्या एकमेकांसोबत वाटून वापरल्या, तर दहातल्या नऊ गाड्या लागणारच नाहीत, असं त्यात दिसलं. पण मेट्रो नसेल आणि प्रत्येक जण एकटाच बसणार असेल, तर गाड्यांचं धावणं जवळपास ९० टक्क्यांनी वाढतं. तंत्र तेच, शहर तेच. वाटून बसायला तर आपल्याला कुणी शिकवायला नको. ठाणे-डोंबिवलीत स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत रोज अनोळखी माणसं खांद्याला खांदा लावून बसतात.

तेव्हा पहिली चालकाविना गाडी पुण्यात किंवा मुंबईत यायच्या आधी काही गोष्टी ठरलेल्या मला हव्या आहेत. रिकाम्या धावणाऱ्या गाडीला प्रत्येक किलोमीटरचे पैसे पडले पाहिजेत, आणि ते भटकत ठेवणं पार्किंगपेक्षा महाग पडेल इतके. तो पैसा थेट बसला मिळावा. रस्त्यावरचं फुकट पार्किंग बंद व्हावं. पुण्यात २०१८ साली पार्किंग धोरण मंजूर झालं होतं, ते बासनातून बाहेर काढावं. हे तंत्र पहिल्यांदा मेट्रो स्टेशनपासून घरापर्यंत जाणाऱ्या लहान बसना मिळावं, रात्री अकरानंतरही चालणाऱ्या. ज्येष्ठांना आणि अपंगांना त्यात सवलत असावी. आणि ज्या ड्रायव्हरचं काम जाईल त्याला बस डेपोत, नियंत्रण कक्षात, देखभालीत आधी घ्यावं.

यातल्या पार्किंगच्या आणि बसच्या मागण्यांना तर कुठल्याही यंत्राची वाट पाहायची गरज नाही. तुमच्या प्रभागाचा नगरसेवक पुढच्या वेळी भेटला की बसबद्दल विचारा. मी विचारणार आहे.